सगळंच 'सार्कॅस्टिक' नसतं: टोचून बोलण्याचे इंग्रजी शब्द शिकायची पद्धत

ऐरोलीचं आयटी पार्क घ्या, ठाणे स्टेशनजवळचे क्लास घ्या नाहीतर वाशीतला कुठलाही इंटरव्ह्यू, कोणी तिरकस बोललं, कोणी फाडून काढलं, कोणी नुसतं तोडून उत्तर दिलं, तरी आपल्या तोंडी इंग्रजी शब्द एकच, सार्कॅस्टिक. मराठीत मात्र खोचक, खवचट, कुजकट, तिरकस, बोचरं, जहरी, फटकळ, तुसडं असा अख्खा साठा असतो आणि 'ती फटकळ आहे' आणि 'ती कुजकट आहे' यातला फरक चौथीतलं पोरगंसुद्धा सांगतं. म्हणजे फरक कळतो, फक्त इंग्रजीत कुठला शब्द कुठे लावायचा ते कोणी नीट बसवून दिलेलं नसतं.

मी हे शब्द आधी स्पर्धा परीक्षेसाठी शिकले आणि नंतर नोकरीत क्लायंटचे मेल वाचताना ते खऱ्या अर्थाने कामाला आले. आता घरातली भावंडं आणि ऑफिसातली नवीन मुलं तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. वर्ड लिस्ट पाठ करून काहीच होत नाही हे आधीच सांगते. क्लासवाले जी झेरॉक्स देतात ना, ज्यात असर्बिक, कॉस्टिक, मॉर्डंट, ट्रेंचंट, सार्डॉनिक सगळ्यांसमोर 'कडवट, बोचरे' एवढंच लिहिलेलं असतं, ती बाजूला ठेवा.

काय काय लागेल

– शिकणाऱ्यांसाठी असलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलीही चालेल, तिघांच्याही वेबसाइट फुकट आहेत आणि उच्चारही ऐकता येतो.
– एक दोनशे पानी वही, तीन रंगांची पेनं.
– रोजचा एक इंग्रजी पेपर. अग्रलेख, कोर्टाच्या बातम्या आणि सिनेमाची परीक्षणं पुरतात.
– मराठीकडून इंग्रजीत जायचं असेल तर मोल्सवर्थचा शब्दकोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, नेटवर फुकट सापडतो. मराठी शब्दाच्या छटा तो भन्नाट सांगतो पण त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं, ते उचलून मेलमध्ये टाकू नका.
– थिसॉरस पहिल्या महिन्यात उघडूच नका. तो आपल्याला शब्दांची यादी देतो, त्यांच्यातला फरक देत नाही, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे.

घरी शांतता मिळत नसेल तर लायब्ररीत बसा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, गावात बसून वाचायची परंपरा काही नवीन नाही.

१. आधी मराठीतच वर्गवारी करा

हे सगळ्यांना फालतू वाटतं आणि सगळे गाळतात. वहीच्या पहिल्या पानावर कोणीतरी आपल्याला लागेल असं बोललेलं एक वाक्य लिहा आणि त्याला चार प्रश्न विचारा. बोलणं सरळ होतं की आडून? किती लागलं, ओरखडा की भाजलं? ऐकणारे बोलणाऱ्याला 'वा' म्हणाले की 'शी' म्हणाले? आणि एकच माणूस बोलत होता की दोन्ही बाजूंनी चाललं होतं?

या चार प्रश्नांवर इंग्रजी शब्द आपोआप वेगळे पडतात. फटकळ माणूस सरळ बोलतो, मनात काही नसतं, तो ब्लंट किंवा आउटस्पोकन, त्याला सार्कॅस्टिक म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. तुसडा तो ब्रस्क. दोन शब्दांत तोडून उत्तर देणारा कर्ट. गंभीर विषयात फाजीलपणा करणारा फसीशस. आडून, वाईट मनाने, दुसऱ्याला खाली दाखवायला बोलणारा तो स्नाइड, म्हणजे आपला कुजकट. शालजोडीतला हाणला असेल तर बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट जवळ जातं, 'या वयातही किती छान मेन्टेन केलंय हो तुम्ही' टाइपचं. (इथे पुणेरी पाट्यांची उदाहरणं देणार नाही, आम्ही खाडीच्या अलीकडचे.)

२. सहा शब्द पक्के करा, बाकीचे नंतर

एकदम तीस शब्द घेऊ नका. हे सहा आधी.

सार्कॅस्टिक: बोलणारा बहुतेक वेळा उलटं बोलतो आणि कोणाला तरी नेम धरून बोलतो. मीटिंगला वीस मिनिटं उशिरा आलेल्याला मॅनेजर म्हणतो 'सो नाइस ऑफ यू टू जॉइन अस', हे सार्कॅस्टिक. नेम कोणावरच नसेल, परिस्थितीच उलटी झाली असेल, तर ते आयरॉनिक. फायर सेफ्टीच्या ऑफिसला आग लागली तर ते आयरॉनिक, त्यात कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही.

स्नाइड: वर आलंच. हा शब्द कोणाच्या बोलण्याला लावलात की तुम्ही त्या माणसाला कोत्या मनाचा म्हणताय, हे ध्यानात ठेवा.

कॉस्टिक: जाळणारं. विनोद असेल पण चटका बसतो.

स्केदिंग: फाडून काढणं. हा टीकेला, रिपोर्टला, परीक्षणाला लागतो. कोर्टाने महापालिकेला झापलं की इंग्रजी पेपरात 'स्केदिंग' हमखास येतो. यात आडपडदा नाही, सगळं तोंडावर. माणसाबद्दल बोलायचं तर 'ही वॉज स्केदिंग अबाउट द प्लॅन' असं, कशाबद्दल ते सांगून.

असर्बिक: आंबट-कडवट, पण हुशार. सिनेमाच्या परीक्षणात 'असर्बिक विट' लिहिलं असेल तर ती अर्धी स्तुतीच असते.

अ‍ॅक्रिमोनिअस: याच्यावर सगळे घसरतात. हा एका माणसाच्या जिभेसाठी सहसा वापरत नाहीत, दोन बाजूंमधल्या कडवटपणासाठी वापरतात. वाद, घटस्फोट, बैठक, यांना लागतो. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीची एजीएम डोळ्यासमोर आणा, अजेंड्यावर सिंकिंग फंड असतो पण विषय घसरतो पार्किंगवर, बी विंगचे काका माइक सोडत नाहीत, सी विंगच्या ताई 'आधी तुमची थकबाकी भरा' म्हणतात, सेक्रेटरी चहा-सामोसे लवकर मागवतो म्हणजे तरी तोंडं बंद होतील, आणि नंतर मिनिट्समध्ये एक सभ्य ओळ लिहायची असते. ती ओळ अशी: 'द डिस्कशन बिकेम अ‍ॅक्रिमोनिअस'. कोणाचं नाव नाही, कोणाची चूक नाही, तरी जे तिथे होते त्यांना सगळं कळतं.

३. मुळं बघा, पाठांतर अर्धं होतं

हा माझा आवडता भाग आहे म्हणून जरा लांबेल. इंग्रजीतले हे बरेचसे शब्द लॅटिन किंवा ग्रीकमधून आलेत आणि मुळात ते बोलण्याबद्दल नव्हतेच. चव, दाह, चावणं आणि कापणं, या चार गोष्टींतून निघालेत. मराठीतही आपण बोलणं झोंबतं, लागतं, बोचतं, जीभ तिखट असते असंच म्हणतो, त्यामुळे हे पटकन बसतं.

चवीचे: असर्बिक हा लॅटिन 'असर्बस'वरून, म्हणजे कच्च्या फळासारखं आंबट-तुरट. अ‍ॅस्ट्रिंजंट म्हणजे तुरट, आकसवणारं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर तुरटीचा ओला खडा गालावर फिरवतात आणि कातडी ताणल्यासारखी होते, तेच अ‍ॅस्ट्रिंजंट. बोलण्याला लावलं तर कडक, कोरडं, पण चेहरा साफ करणारं.

दाहाचे: कॉस्टिक हा ग्रीकमधल्या 'जाळणे' या क्रियापदावरून. कॉस्टिक सोडा आपल्याला माहीत असतोच, रबाळे-तुर्भे पट्ट्यात कामाला असलेल्या कोणालाही विचारा, ड्रमवर इशारा असतो आणि हातमोज्यांशिवाय कोणी हात लावत नाही. विट्रिऑल हे गंधकाम्लाचं जुनं नाव, आणि मोरचूद म्हणजे ब्लू विट्रिऑल, तोच जो चुन्याबरोबर मिसळून बोर्डो मिश्रण करून द्राक्षांवर मारतात. मूळ लॅटिन शब्द काचेचा, कारण खडे काचेसारखे दिसतात. त्यावरून विट्रिऑलिक, म्हणजे द्वेषाने भरलेलं, विखारी. कॉस्टिकमध्ये गंमत असू शकते, विट्रिऑलिकमध्ये नसते.

चावणारे: मॉर्डंट हा लॅटिन 'चावणे'वरून, रिमोर्ससुद्धा त्याच घरातला, मन आतून चावतं म्हणून पश्चात्ताप. आणि मॉर्डंट नावाचा पदार्थही असतो, कापड रंगवताना रंग पक्का धरून ठेवणारा, त्यात सगळ्यात जुना आणि साधा म्हणजे परत आपली तुरटी. एका खड्यात दोन शब्द निघाले. बोलण्यात मॉर्डंट म्हणजे काळ्या विनोदाचा चावा, मरणाबिरणावरही शांतपणे विनोद करणारा. सार्कॅझम तर याहून भयंकर, ग्रीकमध्ये त्याचं मूळ 'मांस फाडणे' असं आहे.

कापणारे: ट्रेंचंट जुन्या फ्रेंचमधल्या कापण्यावरून, खंदकाचा ट्रेंच त्याच घरातला. इन्सायसिव्ह हाही कापण्याचाच, पुढच्या पटाशीच्या दाताला इन्सायझर म्हणतात तो. मजा म्हणजे कापणारे हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा स्तुतीचे असतात, कारण कापलेलं स्वच्छ असतं, मुद्दा उघडा पडतो.

सार्डॉनिक यातल्या कशातच बसत नाही. सार्डिनिया बेटावरची एक विषारी वनस्पती खाल्ली की चेहरा आखडून हसल्यासारखा दिसतो अशी जुन्या ग्रीकांची समजूत होती, त्यावरून तो थंड, तुच्छतेने हसणारा चेहरा. म्हणून हा शब्द हसण्याला, चेहऱ्याला, स्वरालाही लागतो. छद्मी हसणं म्हणतो ना आपण, त्याच्या बराच जवळ.

४. जोडीदारासकट लिहा

वहीत एकटा शब्द लिहायचा नाही. त्याच्याबरोबर राहणारा शब्द लिहायचा. स्केदिंग क्रिटिसिझम, स्केदिंग रिव्ह्यू. विदरिंग लुक, विदरिंग कंटेम्प्ट. (विदरिंगला तोंड उघडावंच लागत नाही, सासूबाईंची एक नजर पुरते.) स्नाइड रिमार्क. असर्बिक विट, मॉर्डंट विट. विट्रिऑलिक अटॅक. ट्रेंचंट अ‍ॅनालिसिस. सार्डॉनिक स्माइल. अ‍ॅक्रिमोनिअस डिव्होर्स.

इथे एक सापळा आहे, काही शब्दांचा दुसरा संसारही असतो. ब्लिस्टरिंग अटॅक म्हणजे घणाघाती टीका, पण खेळाच्या पानावर 'ब्लिस्टरिंग फिफ्टी' दिसली तर कोणी कोणाला काही बोललेलं नाही, बॅट्समनने धुतलंय. पंजंट रिमार्क म्हणजे झणझणीत शेरा, पण पंजंट स्मेल म्हणजे उग्र वास. टार्ट रिप्लाय म्हणजे आंबट उत्तर, ठीक आहे, पण टार्ट हेच नाम म्हणून बाईबद्दल वापरलं तर ती शिवी आहे, त्यामुळे हा शब्द नवीन असताना लांबूनच बघा.

५. कौतुक की निंदा, रंग लावा

तीन पेनं यासाठी. डिक्शनरीत शब्दापुढे बारीक अक्षरात 'अप्रूव्हिंग', 'डिसअप्रूव्हिंग', 'इन्फॉर्मल', 'फॉर्मल' असं काहीतरी असतं, सगळे ते सोडून अर्थाकडे उडी मारतात. हिरव्याने स्तुतीचे, लाल रंगाने निंदेचे, निळ्याने मधले.

माझ्या वहीत हिरवे: ट्रेंचंट, इन्सायसिव्ह. लाल: स्नाइड, विट्रिऑलिक, विट्युपरेटिव्ह (शिव्यांची लाखोली). निळे: असर्बिक, मॉर्डंट, कॉस्टिक, सार्डॉनिक, कारण हे संदर्भावर जातात. आचार्य अत्र्यांनी १९५६ साली 'मराठा' काढला, त्यांच्या लेखणीबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर त्यांचे चाहते ट्रेंचंट म्हणतील आणि ज्यांना मार बसला ते विट्युपरेटिव्ह म्हणतील. लेखणी तीच राहते, शब्दावरून कळतं की लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे. परीक्षेत पॅसेजचा टोन विचारतात तेव्हा नेमकं हेच तपासतात.

स्नार्की वेगळा ठेवा. तो गप्पांतला, इन्फॉर्मल. चॅटवर चालतो, परीक्षेच्या निबंधात नको. सॅव्हेज तर पोरं कौतुकाने म्हणतात पण पेपरातला 'सॅव्हेज अटॅक' कौतुकाचा नसतो.

६. लांबलचक झापण्याची नावं

एक वाक्य नाही, अख्खी फैर असते तेव्हा वेगळी नामं लागतात. टायरेड म्हणजे रागाच्या भरात न थांबता बरसणं. डायट्राइब म्हणजे कशावर तरी कडवट हल्ला, बोललेला किंवा लिहिलेला. हरँग म्हणजे लोकांना पकडून जोरजोरात लेक्चर देणं, संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दर ग्रुपात एकजण असतोच. इन्व्हेक्टिव्ह म्हणजे शिवीगाळीची भाषा, आणि हा सहसा मोजता न येणारा, 'अ स्ट्रीम ऑफ इन्व्हेक्टिव्ह' असा.

फिलिपिक थोडा दुर्मिळ पण गोष्ट भारी. अथेन्सच्या डेमोस्थेनीसने मॅसिडोनचा राजा फिलिप, म्हणजे अलेक्झांडरचा बाप, त्याच्याविरुद्ध भाषणं ठोकली, त्यावरून हे नाव. पुढे रोममध्ये सिसेरोने मार्क अँटनीविरुद्ध १४ भाषणं केली आणि त्यांनाही हेच नाव पडलं. इसवी सनपूर्व ४३ मध्ये अँटनीच्या माणसांनी सिसेरोला मारलं आणि त्याचं डोकं आणि हात रोमच्या भाषणाच्या चौथऱ्यावर लावले. एवढं वाचल्यावर हा शब्द विसरायला होत नाही.

७. आपल्या इंग्रजीतले सापळे

टॉन्ट: आपण 'तिने मला टॉन्ट मारला' म्हणतो. बाहेरच्या इंग्रजीत टॉन्ट म्हणजे तोंडावर चिडवून डिवचणं, मॅचमध्ये विरोधी टीमला करतात तसं. आपला आडून मारलेला टोमणा म्हणजे डिग, जाइब किंवा स्नाइड रिमार्क. 'शी वॉज हॅविंग अ डिग अ‍ॅट मी' हे टोमण्याच्या जास्त जवळ. लेकी बोले सुने लागे प्रकाराला मात्र एका शब्दात इंग्रजी नाही, सरळ वर्णन करा.

पासिंग कमेंट्स: आपल्याकडे याचा अर्थ मुलींवर शेरेबाजी करणं. बाहेरच्या माणसाला 'पासिंग कमेंट' म्हणजे जाता जाता सहज केलेलं विधान वाटतं. क्लायंटला हे सांगाल तर तक्रार गंभीर आहे हे त्याला कळणारच नाही.

सार्कॅझम्स असं अनेकवचन करू नका, 'अ सार्कॅस्टिक रिमार्क' म्हणा.

उच्चार: स्केदिंगमधला 'द' हा 'फादर'मधला, स्केटिंग नव्हे, नाहीतर अर्थ पार भलताच होईल. हरँगच्या शेवटी स्पेलिंगमध्ये अक्षरं भरपूर आहेत पण उच्चार 'ँग'वर संपतो. विट्रिऑलिकमध्ये जोर 'ऑ'वर. असर्बिकमध्ये जोर 'सर'वर, सुरुवातीचा 'अ' अगदी हलका. बाकी फोनवर ऐका.

८. परीक्षा देणार असाल तर

बँक आणि एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे) पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी, एका शब्दात सांगा असे प्रश्न येतात, तिथे पायरी २ आणि ३ पुरते. जीआरईत (परदेशात मास्टर्सला जाण्यासाठीची परीक्षा) वाक्यातली जागा भरायची असते, त्यात एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा होईल, तिथे पायरी ५ नसेल तर कॉस्टिक आणि ट्रेंचंट एकत्र टिक करून बसाल. विरुद्धार्थी शब्द जीआरईतून २०११ लाच गेले, तरीही जुन्या याद्यांच्या झेरॉक्स अजून फिरताहेत, त्यावर पैसे घालवू नका. एमबीए प्रवेशाच्या कॅटमध्ये सुटा शब्द विचारत बसत नाहीत, उतारे असतात, तिथे लेखकाचा सूर पकडायला हे सगळं कामाला येतं.

९. ऑफिसात वापरताना

इथे मात्र शिकलेलं सगळं वापरायची खाज आवरा. क्लायंटचा मेल 'अ‍ॅज पर माय लास्ट मेल' ने सुरू झाला की वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतं, तुम्ही उत्तरात 'युअर सार्कॅस्टिक मेल' लिहिलंत तर आरोप तुम्ही केलेला होतो, त्याने नाही. टीमला सांगताना 'शार्प फीडबॅक', 'क्रिटिकल फीडबॅक' एवढंच म्हणा. फार झालं तर 'हार्श'. स्केदिंग तेव्हाच म्हणा जेव्हा खरंच पान भरून फाडलेलं असेल.

आणि कोणी रोज टोचून बोलत असेल आणि तक्रार करायचीच वेळ आली, तर विशेषणं अजिबात नकोत. 'ही इज कॉस्टिक अँड स्नाइड' असं लिहिलं की समोरचा म्हणणार तुम्हाला तसं वाटलं. त्याऐवजी तारीख, कुठल्या कॉलवर, समोर कोण कोण होतं, आणि तो नेमकं काय बोलला ते वाक्य जसंच्या तसं, अवतरण चिन्हात. मराठीत किंवा हिंदीत बोलला असेल तर आधी ते मूळ वाक्य आणि खाली साधा इंग्रजी अर्थ. त्याच दिवशी लिहून ठेवा, आठवड्याने शब्द बदलतात.